आठ पदरांची बंडी

वीजघराचं काम, पठाणकोटच्या पुढं
२८ ऑक्टोबर १९५८

इस्माईल,

दसऱ्याला इथं आपट्याचं पान मिळालं नाही, तेव्हा या कागदालाच सोनं समज. आणि नुसता हसून खिशात घालू नकोस, यात तुझ्यासाठी काम आहे.

पठाणकोटपासून ट्रकने दोन दिवस वर आलो. नदीच्या काठाला वीजघराची दगडी भिंत उभी करायची आहे. आपल्या बापांनी मुळशीच्या धरणाचे दगड घडवले, म्हणून ठेकेदार आपल्याच मुलखात माणसं शोधत आला. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांच्याच पोरांच्या हातात पुन्हा छन्नी आली. असो. भरे आणि उरवड्याची तेरा माणसं आणि तुझा धाकटा भाऊ अमजद, अशी माझी चौदा जणांची टोळी धडधाकट आहे. अमजद भिंतीसाठी फळ्यांचे साचे ठोकतो. इतकं सरळ काम इथल्या एकाही सुताराचं नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

अडचण थंडीची आहे. पौडच्या थंडीला मी आजवर थंडी म्हणत होतो, याची आता लाज वाटते. सकाळी बादलीतलं पाणी हातोडीने फोडून घ्यावं लागतं. माणसांकडे घोंगड्या आहेत, पण घोंगडी पांघरून घण मारता येत नाही. परवा नथूची घोंगडी परांचीवरून घसरली आणि तिला धरायला वाकलेला नथू तिच्यामागून जाता जाता राहिला. तेव्हा अंगाला बसेल आणि हात मोकळे ठेवील असं काहीतरी शिवून पाठव.

इथले डोंगरी लोक कसं घालतात ते लिहितो, नीट वाच. आधी उघड्या अंगाला पातळ लोकरीचं. त्यावर सैल, कापूस भरलेली बंडी. त्यावर जाड डगला. काम सुरू झालं की डगला उतरवायचा, अंग तापलं की बंडी, आणि थांबलं की पुन्हा चढवायचं. घाम अंगात मुरू द्यायचा नाही. कोठारावरचा म्हातारा म्हणतो, लोकर अंगाला, कापूस वर. उलटं करणारा फाल्गुन बघत नाही.

तेरा सुतळ्या सोबत आहेत. मापं अमजदनं घेतली. पहिली गाठ छातीची, दुसरी हाताची, तिसरी पाठीची. त्याची स्वतःची सुतळी तुझ्या खिळ्यावर आहेच. मला काही नको, माझ्याकडे तो जुना लष्करी कोट आहे.

तुझा
जयसिंग


पौड
१६ नोव्हेंबर १९५८

जयसिंगा,

सोनं पोचलं. मुकादम झालास तरी अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे.

तुझ्या तेरा सुतळ्यांसाठी दुकानात नवे तेरा खिळे ठोकले. अब्बांची रीत तुला माहीत आहे: गिऱ्हाइकाची सुतळी खिळ्यावर राहते आणि माणूस गेला की ती उतरवून मुळा नदीच्या पाण्यात सोडायची. दिवाळीच्या गर्दीत एवढे खिळे ठोकताना बघून लोक विचारत होते, नवीन दुकान काढतोस का म्हणून.

आता तुझ्या म्हाताऱ्याबद्दल. उघड्या अंगाला लोकर? अरे, टोचून टोचून माणूस छन्नी टाकून अंग खाजवत बसेल. आपल्या मावळात बाळंतिणीलासुद्धा आधी जुनं मऊ लुगडं आणि वरून घोंगडी देतात. चार महिने पाऊस झेलणाऱ्या मुलखाला ऊब कशी करायची हे कुणी शिकवायला नको. मी आपल्या पद्धतीने केलं आहे. आत सहा पदर जुन्या मऊ सुताचे, वाकळ शिवतात तसा जवळजवळ धावदोरा, आणि वरून घोंगडी. अंगाला घट्ट बसतील अशाच केल्यात, वारा शिरायला फट नको.

सूत विकतचं नाही. चौदा घरांत निरोप धाडला आणि ज्याच्या त्याच्या घरचीच लुगडी, धोतरं आली. कोंडिबाची साळूबाई भऱ्याहून चालत आली. तिनं लुगडं दिलं, पुन्हा मागून घेतलं, एकदा नाकाशी धरलं आणि मग दिलं. म्हणाली, "चुलीचा वास हाय त्याला. धुवू नगा." मी धुतलं नाही.

अमजदच्या बंडीला सहा नाही, आठ पदर घातलेत. सगळे अम्मीच्या पांढऱ्या लुगड्यांचे. ती गेल्यापासून पेटीत पडून होती, दिलशादनंच काढून दिली. नवऱ्याच्या बंडीचे टाके तिनं दुसऱ्या कुणाला घालू दिले नाहीत. आता थंडीच्या बापाची छाती होणार नाही त्याच्या अंगाला हात लावायची.

गठ्ठा उद्या पुण्याहून रेल्वेने निघेल.

इस्माईल


वीजघराचं काम
२० डिसेंबर १९५८

इस्माईल,

गठ्ठा पंधरा दिवसांपूर्वी मिळाला. तो सोडला आणि जो तो आपली बंडी हुंगत बसला. कोंडिबा साठीला आलेला माणूस, तोंड फिरवून बाहेर गेला आणि डोळ्यात धूर गेला म्हणाला. धूर कुठंच नव्हता. चार दिवस सगळे राजासारखे हिंडले.

आता खरं लिहितो, रागावू नकोस. दगड घडवणाऱ्याला थंडीतही घाम येतो. दुपारपर्यंत आतले सहाही पदर ओले होतात, आणि घट्ट असल्यामुळे काम चालू असताना सैल करता येत नाहीत. ऊन दोन तास, तेही पलीकडच्या डोंगरावर. शेकोटीला जळण मोजकंच. संध्याकाळी अंगावरची ओल गोठायला लागते. रात्री बंडी काढून ठेवली तर सकाळी पाटासारखी उभी राहते. आठ पदरांची तर कधी वाळतच नाही.

कोंडिबानं परवा बंडी उसवली, सूत बाजूला काढलं आणि नुसती घोंगडी उघड्या अंगाला बांधली. सगळे हसले. तो म्हणाला, "मेंढरू काय आदी सदरा घालून वर लोकर पांघरतंय व्हय?" त्या दिवसापासून तो एकटाच कुडकुडत नाही. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दोष तुझा नाही. आपल्याकडे घाम वाळतो, इथं वाळत नाही, एवढाच फरक. पण आता चौदा पातळ लोकरी सदरे हवेत, पूर्ण बाह्यांचे, सैल, थेट अंगावर घालायचे. लवकर हवेत. पुढच्या महिन्यात रस्ता बंद होतो म्हणतात.

अमजद बंडी काढायला तयार नाही. कोंडिबानं आपली अर्धी घोंगडी त्याला देऊ केली तर म्हणाला, "माज्या भावानं आठ पदर घातलेत, उगंच व्हय?" थोडा खोकतो. दिलशादला सलाम सांगायला सांगितलं आहे. खोकल्याचं तिला सांगू नकोस.

जयसिंग


पौड
२ जानेवारी १९५९

जयसिंगा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मशीनला हात लावला नाही. चौदा घरांतल्या बायकांनी बोटं टोचून घेतली आणि तुम्ही त्यांची शिवण उसवून टाकता. ओली झाली तर पिळा, शेकोटीवर धरा. तुमच्यातल्या कुणाला कपडा वापरायचा ठाऊक नाही आणि नाव शिंप्याला. नाचता येईना अंगण वाकडं.

कोंडिबाचं मेंढरू त्याला लखलाभ. मला अब्बांनी शिकवलं ते मी चाळीस मैलांच्या मुलखाला घालतो आहे आणि आजवर कुणी गोठलेलं ऐकलं नाही.

तरी सदरे शिवीन. लोकरीचं पातळ कापड धनगराकडून विणून घ्यावं लागेल आणि इकडे लग्नांचे कपडे अंगावर आलेत. महिना दीड महिना धर.

अमजदला ही पुढची ओळ वाचून दाखव. अमजद, लोकांचं ऐकून बंडी उतरवशील तर याद राख. ती अम्मीच्या लुगड्यांची आहे. अम्मीची आण आहे तुला, घरी येईपर्यंत ती अंगावेगळी करायची नाही. खोकल्याला सुंठ घे.

दिलशादला मी खोकल्याचं बोललो नाही. ती पाठवतेय ते तीळगूळ कागदात आहेत, थोडे चुरले असतील.

इस्माईल


वीजघराचं काम
९ फेब्रुवारी १९५९

इस्माईल,

तुझं पत्र संक्रांतीच्या सुमाराला मिळालं. त्यानंतर रस्ता बंद झाला तो काल उघडला, म्हणून उशीर.

सदरे अजून निघाले नसतील तर हातातलं सगळं बाजूला ठेव. बर्फ होळीनंतरही राहतं म्हणतात आणि भिंत अर्धीच आहे. दोघांच्या बोटांना काळेपणा आला आहे. सगळे वाळलेत, जुनी मापं धरू नकोस. नव्या चौदा सुतळ्या पाठवतो आहे, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली आहे. याच मापाने कर.

अमजद बरा आहे. त्याला आता बाहेरचं काम नाही. बंडी तो घालत नाही, त्याबद्दल त्याला बोलू नकोस. दिलशादला काळजी करू नको म्हणावं.

जास्त लिहीत नाही, हात चालत नाहीत.

जयसिंग


पौड
२२ फेब्रुवारी १९५९

जयसिंग,

सदरे तयार आहेत. तेरा. शेवटचा काल दुपारी हातावेगळा केला. तुझं पत्र आल्यापासून लग्नाचं एकही कापड कापलं नाही. चौदाव्याला कात्री लावायला अमजदची सुतळी घेतली, आणि तिथंच थांबलो.

त्याची जुनी सुतळी खिळ्यावरून उतरवून शेजारी धरली. छाती कमी झाली असती तर समजलो असतो, माणूस वाळतो. पण ही छाती मोठी आहे. आणि हात? हात तीन बोटं लांब आहे. मी त्याला तो पाच वर्षांचा असल्यापासून शिवतो आहे. चोवीस वर्षांच्या माणसाचा हात थंडीने वाढतो हे मला अब्बांनी शिकवलं नाही.

आणि गाठी. पहिल्या तेरा सुतळ्यांवर त्याची गाठ होती, दोनदा पीळ देऊन मारलेली, सुताराची. या चौदांवर साध्या गाठी आहेत. मापं अमजदनं घेतलेली नाहीत. का घेतली नाहीत?

दिलशाद समोर लोकरीच्या घड्या घालत बसली होती. तिनं दोन्ही सुतळ्या बघितल्या. मी म्हणालो, बर्फात भिजून सुतळी लांबली असेल. ती पुन्हा घड्या घालू लागली.

आपल्या शाळेत बाकावर बसून पुढच्या बाकावरच्या पोराची टोपी उडवील इतक्या लांब हाताचा एकच पोरगा होता. तेव्हा ही सुतळी कुणाची याचा मला अंदाज आहे. पण मला ती कुणाची हे नको, माझ्या भावाची कुठं आहे ते हवं.

गठ्ठा बांधून ठेवला आहे. तू खरं लिहीपर्यंत तो दुकानातून हलणार नाही. तेरा माणसं थंडीत आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्या बायका रोज दुकानापुढून जातात. तरी हलणार नाही.

इस्माईल


वीजघराचं काम
१३ मार्च १९५९

इस्माईल,

तुझे रोजे सुरू झाले असतील. या दिवसांत हे लिहावं लागतं आहे.

अमजद एकवीस जानेवारीला दुपारी गेला. छातीत पाणी झालं होतं. तीन दिवस ताप होता. डॉक्टर खालच्या गावात आणि रस्ता बंद. मी आणि नथू बर्फातून खाली निघालो होतो, दुसऱ्या वळणाच्या पुढं जाता आलं नाही.

सगळंच लिहितो, अर्धवट ठेवत नाही. संक्रांतीच्या आधी आठ दिवस कोंडिबानं त्याला समजावलं होतं आणि त्यानं बंडी काढून अर्धी घोंगडी अंगाला बांधली होती. खोकला कमी झाला होता. मग तुझं पत्र आलं. तू सांगितलेली ओळ मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. तो हसला, म्हणाला, "आता अम्मीचं नाव घातलं, मग काय बोलायचं." आणि बंडी पुन्हा चढवली. ती तेव्हा ओलीच होती. दुसऱ्या दिवशी वाऱ्यात परांचीवर उभा राहून त्यानं साच्याच्या फळ्या काढल्या. ती ओळ मी गाळायला हवी होती. मी मुकादम आहे, बंडी काढ म्हणून त्याला हुकूम करायला हवा होता. मला वाटलं, दोन भावांमध्ये आपण कशाला पडा.

तुला का कळवलं नाही, तेही ऐक. कळवलं असतं तर तू शिवलं नसतंस. लोकरीला हात लावला नसतास. तेरा माणसं तशीच राहिली असती आणि मी आणखी दोघांची नावं लिहीत बसलो असतो. म्हणून तो बरा आहे असं लिहिलं. तू गठ्ठा अडवून ठेवलास तेव्हा माझा अंदाज खरा ठरला, पण मला त्याचं समाधान नाही.

सुतळी माझीच. आजारात माझा कोट त्याच्या अंगावर होता, तो नंतर माझ्याच्यानं घालवेना. चौदा सुतळ्या पाठवल्या नसत्या तर तू ओळखलं असतंस. शिवलेला कपडा वाया जाऊ नये म्हणून माझं माप दिलं, असं मी मनाला सांगत होतो. खरं म्हणजे मला थंडी वाजत होती.

एक गोष्ट राहिली. ती लिहू की नको असा विचार करत होतो, पण तू शिंपी आहेस आणि त्याचा भाऊ आहेस. इथं दोन मुसलमान ट्रकवाले रस्ता उघडायची वाट बघत अडकले होते. त्यांनी त्याला आंघोळ घातली, नमाज पढली. कफनाला पांढरं कापड नव्हतं. आख्ख्या कामावर नव्हतं. तेव्हा बंडी उसवली. दिलशादचे टाके इतके जवळ होते की कोंडिबाला आणि मला दुपार लागली. आठ पदर एकाला एक जोडले. त्यातला म्हातारा ट्रकवाला म्हणाला, पुरतं, आणि आईचं आहे म्हणजे चांगलंच आहे. तुझ्या अम्मीच्या लुगड्यातच त्याला ठेवला. डोक्याशी कोंडिबानं दगड घडवून बसवला. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं ते दोन तासांचं ऊन पहिलं येतं.

मला काय म्हणायचं ते म्हण. गठ्ठा मात्र पाठव.

जयसिंग


पौड
२८ मार्च १९५९

जयसिंग,

पत्र दुकानात उघडलं नाही. नदीवर जाऊन वाचलं.

घरी आलो तर दिलशाद दारातच होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सुतळी वली झाली की आटती भाई, लांबत न्हाई. खाट इनताना मीच वली करून ताणती. मला त्याच दिशी कळलंय." महिनाभर ती माझ्यासमोर बसून लग्नाच्या कपड्यांना काजं करत होती, आणि आपलं दुःख मला कळू नये म्हणून गप्प होती. मी तिच्यासाठी गप्प होतो. तू माझ्यासाठी. एवढ्या सगळ्यांनी गप्प राहून काय वाचवलं ते मला कळत नाही.

तू खोटं बोललास याचा राग आहे. तो जाईल की नाही सांगता येत नाही. पण तुझ्या पहिल्या पत्रात सगळं लिहिलं होतं, लोकर अंगाला, कापूस वर. ते मी आज पुन्हा काढून वाचलं. शाई अजून ताजी दिसते. मी ते वाचलं होतं, हसलो होतो आणि आठ पदर घातले होते. सहाच घातले असते तरी चाललं असतं. घाम वाळला असता कदाचित. मी त्याचा भाऊ नसतो तर तो जगला असता, असं दिवसातून किती वेळा मनात येतं. गठ्ठा अडवून ठेवला तोही मीच. त्या दिवसांत कुणाची बोटं गेली असतील तर तेही मला लिही.

दिलशादनं अमजदची सुतळी स्वतः खिळ्यावरून काढली आणि मुळेत सोडली. ती बुडायला वेळ लागला. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिलो.

गठ्ठा आज निघाला. तेरा नाही, चौदा सदरे आहेत. चौदावा तुझ्या मापाचा. आत लोकर, सैल, हाताला तीन बोटं जास्त. त्याला कापसाचा एक धागा नाही, टाकेसुद्धा लोकरीचे घातलेत. उघड्या अंगाला घाल. टोचेल. घाम आला की काढ, थांबलास की घाल, आणि माझ्या शब्दाखातर एक दिवसही अंगावर ठेवू नकोस. मी आता कुणाला आण घालत नाही.

अमजदचा खिळा मला रिकामा बघवेना. तुझी सुतळी तिथं टांगली आहे. ती उतरवायला माझा हात लागू देऊ नकोस. तू स्वतः ये आणि काढून घे.

इस्माईल